गडहिंग्लज यायचे आहेत

"ही जागा धरलीय का हो?" मफलर गुंडाळलेल्या एका गृहस्थांनी आमच्या सतरंजीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"धरलीय," मी म्हणाले.

"मघापासून मोकळीच दिसतेय म्हणून विचारलं."

"गडहिंग्लज यायचे आहेत," वाईंनी अडकित्ता चालवता चालवता सांगितलं.

"गडहिंग्लज? आख्खं?"

"एकच गृहस्थ आहेत. पण ऐसपैस बसतात."

ते गृहस्थ आमच्याकडे विचित्र नजरेनं बघत मागच्या बाजूला गेले. त्यांचं काही चुकलं नाही. आमची भाषा आम्हा तिघांनाच कळणारी होती.

सांगलीच्या त्या तीन दिवसांच्या संगीत महोत्सवात तेव्हा खुर्च्या फक्त कडेला असत. बाकी सगळं शाळेचं मैदान, वर मांडव आणि खाली ज्याची त्याची सतरंजी. आमची सतरंजी वाईंची. ते वाईचे निवृत्त ओव्हरसियर, सत्तरी ओलांडलेले आणि तोंडानं फटकळ. मी पहिल्यांदा त्या महोत्सवाला गेले तेव्हा वर्तमानपत्र अंथरून बसले होते. हे शेजारून म्हणाले, "बाई, बातम्यांवर काय बसता? या इकडे. कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, बार्शीची. "मग बार्शी, जरा सरका. माझा तंबाखूचा डबा तुमच्या गुडघ्याखाली आहे." तेव्हापासून मी बार्शी आणि ते वाई. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मी त्यांचं विचारलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की नाव विचारलं की पाठोपाठ आडनाव येतं, आडनावामागून जात येते, मग पगार, मग मुलांची लग्नं, आणि गाणं बसतं कोपऱ्यात तोंड पाडून.

वाईंचा दुसरा नियम मध्यंतराचा. चहा घेताना प्रत्येकानं आपण ऐकलेली एक मैफल सांगायची. अट एवढीच, की स्वतः हजर असलेली पाहिजे. रेडिओ चालायचा नाही, कॅसेट चालायची नाही, कुणाकडून ऐकलेलं तर मुळीच नाही. मी वर्षभर त्या मध्यंतराची तयारी करायची. सोलापूरला जाऊन एखादी मैफल ऐकायची, कधी पुण्याची रजा जुळवायची, आणि परत येताना एसटीत बसून ती कशी सांगायची ते मनाशी घोळवायचं. कारण बार्शीत मला ते विचारणारं कुणी नव्हतं. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि भावाच्या घरी राहायची. भाऊ-वहिनी वाईट नव्हते. सांगलीला मी मावशीकडे उतरायची. परतले की वहिनी विचारायची, "मावशीनं काय दिलं?" मी मावशीनं दिलेली हळद काढून ठेवायची आणि आमचा विषय संपायचा.

गडहिंग्लज आले ते दुसऱ्या वर्षी. उंच, सावळे, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. गर्दीतून वाट काढत ते थेट माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "इथं बसलं तर चालंल काय?" वाईंच्या बाजूला जागा जास्त होती. ते माझ्या बाजूला बसले. मग दर वर्षी तिथंच, दहा-बारा वर्षं.

आता ही गोष्ट सांगायचीच तर हे सांगायला हवं, की ते माझ्याकडे बघत असत.

गाणं रंगलं की माझे डोळे मिटतात, ती माझी जुनी खोड. पण बाईमाणसाला मिटल्या डोळ्यांनीही कळतं. मी डोळे उघडायची तेव्हा त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर असायची. ते गडबडून जात नसत. सावकाश मान वळवून मंचाकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "झकास झालं न्हवं?" मी मान डोलवायची. त्या नजरेत वावगं काही नव्हतं. असतं तर मी वाईंच्या पलीकडे जाऊन बसले असते. मी आता त्रेचाळिशीला पोचलेली, थोराड बांध्याची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई होते. आपल्याकडे कुणी असं मन लावून बघावं याची मला सवय नव्हती. त्यांचं घरदार असणार, बायको असणार, एवढं मलाही कळत होतं. पण नाव-गाव-कुटुंब न विचारण्याचा वाईंचा नियम माझ्या पथ्यावर पडला होता. विचारलं नाही, म्हणजे नाहीच, असं मी तीन दिवस धरून चालायची. त्यांच्यासाठी शेंगापोळ्या करून न्यायची. वहिनीला सांगायची, मावशीला आवडतात.

त्या वर्षी मात्र मी ठरवून आले होते. बार्शीहून मिरजेला येणाऱ्या छोट्या आगगाडीत आख्खा दिवस बसून ठरवलं होतं, की या खेपेला एकच विचारायचं: तुम्ही माझ्याकडे का बघता? उत्तर काहीही आलं तरी चालेल. पण आपण कुणाला काही वाटतो की नाही, हे न कळताच म्हातारं व्हायचं, याची मला धास्ती वाटायला लागली होती.

आणि त्याच वर्षी कोपरा रिकामा.

पहिलं गाणं झालं. भीमपलास होता एवढं आठवतं. मध्यंतर झालं. वाई चहाचे तीन पेले घेऊन आले, तिसऱ्याकडे बघत उभे राहिले, आणि मग तो स्वतःच पिऊन टाकला.

"एसटी बंद पडली असेल," मी म्हणाले.

"बारा वर्षांत पडली नाही ती?"

"एकदा निपाणीत पडली होती. तेव्हा ट्रकमधून आले होते."

"मग आजही ट्रकमधून येतील," वाई म्हणाले. "तुम्ही सुरू करा, बार्शी. यंदा काय ऐकलंत?"

"ते आल्यावर."

वाईंनी आग्रह केला नाही. त्यांनाही ठाऊक होतं, की आमच्यात सांगावं ते गडहिंग्लजांनीच. आम्ही दोघं गाण्याची चिरफाड करायचो. अमुक राग, तमुक जागा, तबलजीनं केलेली घाई. ते तसलं काही बोलत नसत. ते मैफल सांगायचे म्हणजे ती समोर आणून बसवायचे. त्यांनी सांगितलेल्यांतली एक मला अजून जशीच्या तशी आठवते.

"हुबळीकडं एका घरात बारसं होतं," ते सांगत होते. "संध्याकाळी गाणं ठेवलेलं. गाणाऱ्या बाई मोठ्या हो, पण घरच्या संबंधातल्या म्हणून आलेल्या. आलाप सुरू झाला आणि पाळण्यात पोर रडाय लागलं. आई उठली, पोराला आत न्यावं म्हणून. तर बाईंनी गाता गाताच हात वर केला, बस म्हणून. आणि त्या पोराच्याच सुरात शिरल्या. पोर वर गेलं की त्या वर. पोर थांबलं की त्या थांबायच्या. पाळण्याची दोरी एका मुलीच्या हातात होती, नऊ-एक वर्षांची असंल. बाई तिला डोळ्यांनं खुणावायच्या, आता ओढ, आता सोड. करता करता पोर झोपलं. मग बाईंनी आवाज एवढा बारीक केला, एवढा बारीक केला, की समई फरफरलेली ऐकू येत होती. आणि कुणी दादच दिली नाही. पोर उठंल म्हणून! माणसं नुसती हात वर करत होती, तोंडातनं शब्द नाही. शेवट झाला तरी कुणी टाळी वाजवली नाही. सगळी चपला हातात घेऊन अशी बाहेर पडली."

त्यांनी अर्ध्या बोटाच्या हातानं चपला धरून दाखवल्या होत्या. वाईंसारखा माणूस बराच वेळ गप्प होता. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं बसला होतात?"

"मी? मी असाच, दाराजवळ."

"आणि राग?"

ते हसले. "त्या पोराला विचाराय पाहिजे."

तर असा माणूस आला नव्हता. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आत वाई उठले आणि म्हणाले, "येतो. गडहिंग्लजचं कुणी आलंय का बघतो." मी त्यांना अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. एक रात्र तरी मी त्यांची वाट बघत घालवली असती.

ते परत आले ते एका मास्तरांना घेऊन. मास्तर मूळचे गडहिंग्लजचे, नोकरीला सांगलीत.

"उंच, सावळे, इथलं बोट अर्धं?" मास्तरांनी स्वतःच्या हातावर खूण केली. "मग ते मोटर रिवाइंडिंगवाले मगदूमच. ते गेले की हो. दिवाळीच्या आधी. झोपेतच गेले म्हणतात."

वाई खाली बसले. मी बसलेलीच होते.

"ईश्वर मगदूम," मास्तर म्हणाले. "पण ते गाण्याला येत होते म्हणता? नवलच. आमच्या गावात कधी साध्या भजनाला बसलेले बघितले नाहीत. दुकान आणि घर. माणूस मात्र देवासारखा. तुमचे कोण ते?"

मास्तर थोडा वेळ उभे राहिले आणि आपल्या जागेवर गेले. मंचावर तंबोरे लागले.

"ईश्वर," वाई स्वतःशी म्हणाले. "माणूस गेल्यावर नाव कळलं. माझ्या नियमाला आग लागो."

मफलरवाले गृहस्थ पुन्हा डोकावले. वाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या कोपऱ्यात स्वतःचे पाय पसरले. एरवी ते कधी पाय पसरत नसत. मंचाकडे पाय करायचा नाही, असा त्यांचा तिसरा नियम होता.

"उद्या जाऊन येऊया का?" मी विचारलं. "त्यांच्या घरी?"

"मी नाही येत." वाईंनी पंच्याच्या टोकानं नाक पुसलं. "बार्शी, मी म्हातारा माणूस. त्यांच्या घरी जाऊन मी काय बोलणार? कोण म्हणून बसणार? तुम्ही जा. तुम्ही जायला पाहिजे."

ते माझ्याकडे न बघता बोलले. तेव्हा मला समजलं, की ती नजर वाईंनाही दिसली होती. मला शरम वाटली आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. निदान एका माणसानं ती पाहिली होती. म्हणजे ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. त्या दिवशीचं संध्याकाळचं गाणं ऐकायला लोक कुठून कुठून आले होते. मला ते चुकल्याची हळहळ वाटली नाही, याचंच आश्चर्य वाटलं. पिशवीत शेंगापोळ्यांचा डबा तसाच होता. तो मावशीकडे ठेवावा हेही मला सुचलं नव्हतं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. शटर ओढलेलं, वर पाटी. बाजूच्या बोळातून घराचं दार. कडी वाजवली तर पन्नाशीची एक बाई बाहेर आली. ही बायको असेल असं समजून मी हात जोडले.

"कोण आलंय म्हणून सांगू?" ती म्हणाली. "अक्का आत पडून आहे."

मी घोटाळ्यात पडले. माझं नाव सांगून काय उपयोग? शाळेचं नाव, भावाचं नाव, कशाचाच या घराशी संबंध नव्हता.

"बार्शीहून आलेय म्हणून सांगा," मी म्हणाले.

ती आत वळायच्या आधीच आतून आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"बार्शी? अगं, मग उभं काय केलीस त्यांना? आत आण, आत आण!"

त्यांनी घरी माझ्याबद्दल सांगितलं होतं. मी त्यांच्या घरात होते, नावानिशी नसले तरी होते. दोन पायऱ्या चढून आत जाईपर्यंत मी जेवढी सुखात होते तेवढी त्याआधी आणि त्यानंतर फारशी कधी नव्हते. दुखवट्याच्या घरात आपण असं सुखानं शिरतोय याची लाजही त्या वेळी वाटली नाही.

खिडकीशी लोखंडी पलंग होता. त्यावर ती उताणी झोपली होती, मानेखाली चपटी उशी, अंगावर सोलापुरी चादर. केस पांढरे, डोळे मोठे आणि कमालीचे जिवंत.

"या. बसा की. मला उठाय येत नाही. पाठीचा कणा गेलाय, चौदा वर्षं झाली. जिन्यावरनं पडले." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "चष्मा आहे, हे नव्हते बोलले. बाकी सगळं तसंच."

"मला कालच कळलं," मी म्हणाले. "आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही वाट बघत होतो."

"बघणारच. वाई कसे आहेत? तंबाखू सोडली काय?"

"नाही."

"नाही सोडणार. डॉक्टरला म्हणाले म्हणे, तुम्ही सूर लावून दाखवा, मी तंबाखू सोडतो." ती हसली आणि हसता हसता कपाळाला आठी पडली. कुठं तरी कळ गेली असावी. "बहीण माझी, ही. दर वर्षी तीन दिवस येऊन राहायची, मग ते सांगलीला जायचे. बाकी तीनशे बासष्ट दिवस माझ्याजवळ. दुकान आणि मी. कुठं गेले नाहीत, कुठं आले नाहीत."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"पण मैफलींना जात असतील ना? हुबळी-धारवाडकडं? ते आम्हाला सांगायचे."

"कुठली सांगितली?" तिचे डोळे एकदम चमकले. "बारशाची सांगितली काय? पाळण्याची?"

"हो."

"आणि? काय म्हणालासा तुम्ही? आवडली?"

"वाई कितीतरी वेळ बोललेच नाहीत."

"हेच सांगितलं त्यांनी मला. वाई गप्प झाले म्हणून. मला खरं वाटलं नव्हतं." तिनं सुटकेचा श्वास टाकला. "ते माझ्या धाकट्या भावाचं बारसं. दोरी माझ्या हातात होती. आमच्या वडिलांचं हार्मोनियमचं दुकान, घरात सारखी गाणारी माणसं. लग्न होऊन इथं आले आणि गाणं संपलं. तरी एसटीनं कुठं कुठं जायची, पडले त्या दिवसापर्यंत. ते मला सोडायला यायचे, बाहेर चहाच्या गाड्यावर बसायचे आणि संपलं की घेऊन जायचे."

"बाहेर?"

"त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, बाई." हे तिनं अगदी मायेनं सांगितलं. "काडीचं नाही. मोटर फिरली की आवाजावरनं सांगायचे, कुठली वाइंडिंग जळालीय. पण दोन सूर वेगळे हे कानाला कळायचं नाही. मी पडले, त्याच्या दुसऱ्या वर्षी म्हणाले, तू नाही जाऊ शकत तर मी जाऊन ऐकून येतो, तुला सांगतो. मी म्हटलं, जा. तीन दिवस बसून आले. मी विचारलं, काय ऐकलासा? म्हणाले, चौघं गायले, त्यातल्या एकाचं पोट लई मोठं होतं." ती पुन्हा हसली. "मी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, पण पुढं एक बाई बसली होती, पेपरवर. गाणं जमलं की तिचा चेहरा निवळायचा. डोळे मिटायची. आणि जमलं नाही की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. तिच्याकडं बघितलं की मला थोडं कळत होतं, गाणं कुठं आहे ते."

मी खाली पाहिलं. पदराचं टोक माझ्या बोटाला गुंडाळलेलं होतं.

"मीच त्यांना म्हटलं, मग पुढच्या वर्षी त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी चालली होती. तिचा आवाज बोळ संपेपर्यंत येत राहिला.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इतकी वर्षं मी ते शीत होते. मला राग आला. त्यांचा, तिचा, आणि सगळ्यात जास्त माझा. छोट्या गाडीत आख्खा दिवस बसून मी जो प्रश्न घोटला होता, त्याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि तेही ज्या बाईचं अस्तित्व मी डोळ्यांआड केलं होतं तिच्याच तोंडून. त्या नजरेत माझ्यासाठी काही नव्हतं. जे होतं ते सगळं या पलंगासाठी होतं. शेजारी येऊन बसणंसुद्धा त्यांचं त्यांना सुचलेलं नव्हतं.

"निघते मी," मी म्हणाले. "सांगलीची एसटी गाठायचीय."

"शेंगापोळ्या तुम्हीच करायचा न्हवं?" ती म्हणाली. "दर वर्षी निम्म्या माझ्यासाठी आणायचे. फडक्यात बांधून. म्हणायचे, बार्शीनं दिल्यात."

मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्या उशाच्या स्टुलावर ठेवला. तिनं तो हातानं चाचपला.

"ते परत आले की दोन-तीन महिने पुरवून पुरवून सांगायचे," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलेल्या मैफली, वाईंच्या मैफली. राग सांगता यायचा नाही. पण म्हणायचे, मारवा का काय ते गायले तेव्हा बार्शी रडली. मग मला कळायचं, कसा मारवा झाला असंल. मी इथं पडून सगळं ऐकलंय, बाई. तुमच्या तोंडावरनं ऐकलंय. तुमचा चेहरा मला पाठ आहे."

मी उठले होते ती उभीच राहिले. दहा-बारा वर्षं एका घरात वर्षातले दोन-तीन महिने माझा विषय निघत होता. माझं डोळे मिटणं, माझं रडणं, माझ्या बोटाचा पदर. माझ्या भावाच्या घरात माझ्याबद्दल इतकं कुणी बोलत असेल असं मला वाटत नाही. याचं सुख मानावं की दुःख, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. खरं म्हणजे अजूनही आलेलं नाही.

"काल कोण गायलं?" तिनं विचारलं.

"गायले कुणी तरी. कळल्यानंतर मी काही ऐकलं नाही."

"मग काय केलासा?"

"बसून राहिले."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. त्या मोठ्या डोळ्यांपुढं काही लपवण्यात अर्थ नव्हता. आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे उरलंही नव्हतं.

"रडलासा काय त्यांच्यासाठी?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नाही."

"का?"

"कुठं रडणार?" मी म्हणाले. "मावशीकडं उतरलेय. तिनं विचारलं असतं, कोण गेलं. काय सांगणार मी? बार्शीत जाऊन तरी काय सांगणार? माझे ते कोण होते?"

मला वाटलं, आता ही तोंड फिरवेल. एखाद्या बायकोनं फिरवलं असतं आणि ते वाजवी होतं. तिनं मान थोडी उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि ती पुन्हा उशीवर टेकली.

"मलाही नाही आलं रडाय," ती म्हणाली. "हुंदका आला की पाठीतनं अशी कळ जाते, की जीव नको होतो. डॉक्टरनं सांगितलंय, रडायचं नाही, खोकायचं नाही. माणसं आली, रडून गेली. मी आढ्याकडं बघत पडलेली. लोकांना वाटलं असंल, काय कोरडी बाई आहे."

तिनं चादरीतून हात काढून पलंगाची कड थोपटली.

"दार लावून घ्या आणि इथं बसा, माझ्याजवळ. तुम्ही रडा."

मी दार लावलं. परत येऊन पलंगाच्या कडेला बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि रडले, तोंडाला पदर न लावता, आवाज न दाबता, जसं आयुष्यात कधी कुणासमोर रडले नव्हते तसं. ती उशीवर मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होती.